चाहूल : गिरण्यांच्या इतिहासातील काही पाने



वसंत व्याख्यानमालेच्या ह्या व्यासपीठावर प्राध्यापक बोलतात, पंडित बोलतात; माझ्यासारख्या मनुष्याने येथे उभे राहावे की नाही, असा प्रश्न मला पडला होता. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी मी इचलकरंजीत मागावर कांडीवाला म्हणून लागलो, पुढे विणकर झालो, आणि गेली पंचवीस-तीस वर्षे कामगारांच्या संघटनेचे काम करीत आहे. जे काही वाचन झाले ते नगरवाचनालयात, पाळी सुटल्यावर. तेव्हा मी सांगणार आहे तो इतिहास पाळी सुटल्यावर वाचलेला आहे, आणि काही भाग कामावर असताना पाहिलेला.

विषय असा आहे की, धंद्यात आणि समाजात मोठा बदल येतो तेव्हा तो आधी चाहूल देतो का? देत असेल तर ती कोठे ऐकू येते? आणि ज्यांचे पोट त्या बदलावर अवलंबून असते त्यांनाच ती बहुधा का ऐकू येत नाही? ह्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी मी फार लांब जाणार नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास मला पुरेसा आहे. कारण त्या इतिहासात माझे घर बुडाले आहे.

प्रथम एका खोट्या चाहुलीची गोष्ट सांगतो. चाहुलीवर बोलणाऱ्याने आधी फसलेल्या माणसांचे स्मरण करावे, म्हणजे त्याची जीभ ताब्यात राहते.

कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ साली मुंबईत सूतगिरणी काढण्याचा उद्योग मांडला आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. धंदा नुकता बाळसे धरू लागला होता, तोच १८६१ साली अमेरिकेत उत्तर-दक्षिणेचे युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा दर्शनी पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात जाऊन पोहोचला. प्रेमचंद रायचंद ह्यांच्यासारख्या सराफाच्या एका शब्दावर माणसे लक्षाधीश होत होती. त्या काळी मुंबईत कोणालाही विचारले असते, तर त्याने सांगितले असते की, नव्या युगाची चिन्हे स्पष्ट दिसत आहेत.

१८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल ली शरण गेला. कापसाचा भाव कोसळला, जुलैच्या पहिल्या तारखेला वायद्यांचे देणे चुकते करण्याची वेळ आली, आणि शहरातील पेढ्या पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे पडल्या.

ह्या लोकांचे कोठे चुकले? ते आंधळे नव्हते. भाव चढत होता हे खरेच होते. परंतु तो कशामुळे चढला हा प्रश्न त्यांनी पुरता विचारला नाही, आणि ते कारण किती दिवस टिकेल हा तर मुळीच विचारला नाही. कारण होते नाकेबंदी, आणि नाकेबंदी युद्धाबरोबर उठणारच होती. भाव ही सर्वांना दिसणारी गोष्ट आहे. जी गोष्ट सर्वांना दिसते आणि सर्वांना आवडते, ती चाहूल नसून बहुधा गलबला असतो. खरी चाहूल आडबाजूला असते आणि ती ऐकणाऱ्याला सहसा आवडत नाही.

आता एका खऱ्या चाहुलीकडे वळू.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे १८८० ते १८९५ ह्या काळात, मुंबईच्या गिरण्यांचे मोठे गिऱ्हाईक चीन हे होते. आपल्या गिरण्या मुख्यत्वे जाडे सूत कातीत, आणि त्यातील फार मोठा हिस्सा जहाजांतून चीनला जाई. त्याच सुमारास जपानात शिबुसावा एइची ह्यांच्या पुढाकाराने ओसाकाला एक मोठी गिरणी निघाली. १८८३ साली ती चालू झाली. थोड्याच वर्षांत तेथे विजेचे दिवे लावून रात्रपाळी सुरू झाली. ओसाका कोठे आणि परळ कोठे! मुंबईच्या मालकाला त्याची दखल घेण्याचे कारण वाटले नाही.

पण १८९३ साली मुंबईच्या बंदरातच एक घटना घडली. जपानच्या निप्पॉन युसेन कैशा ह्या कंपनीने मुंबई ते कोबे अशी नियमित आगबोट सुरू केली. हीत जमशेटजी टाटा ह्यांचा पुढाकार होता. इंग्रज आगबोट कंपन्यांचे भाडे भरमसाट होते, ते मोडून आपले सूत पूर्वेला स्वस्तात पोहोचवावे, हा त्यांचा हेतू, आणि तो योग्यच होता. इंग्रज कंपनीने भाडे अतोनात उतरवले, टाटांना आपल्या बोटी थांबवाव्या लागल्या. जपानी कंपनी मात्र टिकून राहिली. ह्या कथेचा एवढाच भाग आपण अभिमानाने सांगतो. पण त्या बोटींच्या पोटात परतताना काय भरलेले असे, हे पाहा. त्यांत कापसाच्या गाठी असत. जो कापूस आमच्या गिरण्या कातीत, तोच कापूस जपान विकत घेऊन नेत होता, आणि दर वर्षी अधिक नेत होता.

मला वाटते, ही चाहूल होती. आपण जे विकतो ते कोण विकत घेतो ह्यावर व्यापाऱ्याचा डोळा असतोच. पण आपण जे विकत घेतो तेच आणखी कोण विकत घेऊ लागला आहे, इकडे त्याचे लक्ष नसते. गोदीतल्या हमालाला त्या गाठी पाठीवर जाणवत होत्या. कापसाच्या दलालाच्या वहीत त्यांची नोंद होती. दलालाला तर त्या गाठींत आनंदच होता. १८९३ सालीच सरकारने टाकसाळी खुल्या चांदीला बंद केल्या, रुपया आणि चांदी ह्यांची फारकत झाली, आणि चांदीवर चालणाऱ्या चीनमध्ये आपले सूत महाग पडू लागले. जपान सरकारने १८९४ साली सुतावरचा निर्यात कर काढला आणि १८९६ साली कापसावरचा आयात कर काढला. १८९७ साली जपानची सुताची निर्यात तिच्या आयातीपेक्षा जास्त झाली. १८९६ साली मुंबईला प्लेगने गाठले होते. मजूर गावी पळाले, गिरण्या ओस पडल्या, आणि पुढे जो तो घटत्या धंद्याचा दोष प्लेगाला देत राहिला. प्लेग खराच होता. पण प्लेग ओसरल्यावरही चीनचा बाजार पूर्वीसारखा हाती आला नाही, आणि पहिल्या महायुद्धानंतर तो जवळजवळ गेलाच.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. संकट आणि बदल हे बरोबर येतात तेव्हा संकटाचा आरडाओरडा इतका होतो की, त्याखाली बदलाची पावले ऐकू येत नाहीत. संकट गेले की सारे पूर्ववत होईल, अशी माणसाची समजूत होते. १९८२ च्या संपाविषयीही आपण हेच केले. त्याकडे मी पुढे येतोच.

१९२० नंतर जपानी कापड मुंबईच्याच बाजारात येऊ लागले. १९२४ साली तोयोडा ह्यांचा स्वयंचलित माग तयार झाला. १९२९ साली इंग्लंडातील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स ह्या कंपनीने त्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. प्लॅट कंपनी म्हणजे जगभरच्या गिरण्यांना यंत्रे पुरवणारी. मुंबईच्या गिरण्यांत तिचीच यंत्रे घणघणत होती. गुरूने शिष्याकडून विद्या विकत घेतली! हे वृत्त मुंबईत पोहोचले असणारच. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, दीड लाख कामगारांचा संप झाला होता. मालक म्हणत होते की, विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत. कामगार म्हणत होते की, मग तिसऱ्या विणकराने जावे कोठे? त्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, आणि तो संप रास्त होता असे मी आजही म्हणतो. कारण जुन्या साच्यांवर, वाईट सुतावर तिसरा साचा लादणे हा शुद्ध जुलूम होता. परंतु मालकांनी नवे यंत्र न आणता नुसते काम वाढवले, आणि आम्ही कामगारांनी नव्या यंत्राचा विचार आपल्या दाराशी येऊ दिला नाही. दोघांचे भांडण त्या दोन-तीन साच्यांपाशी अडले. १९३३ साली परदेशी, म्हणजे मुख्यतः जपानी, कापडावर शेकडा पंचाहत्तर जकात बसली आणि त्या भिंतीआड उभयतांना आणखी काही वर्षे मिळाली.

आता मी माझ्या घराच्या दाराशी येतो.

१९०४ साली, मुंबईच्या गिरण्यांचा भोंगा साऱ्या कोकणाला आणि घाटाला हाक घालीत असता, इचलकरंजीच्या छोट्याशा संस्थानात विठ्ठलराव दातार ह्यांनी यंत्रमाग बसवला. त्यास तेथील अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे ह्यांचा आश्रय होता. पुढे भिवंडी, मालेगाव येथील हातमागवाल्यांनीही यंत्रमाग घेतले. गिरणीच्या भव्य इमारतीपुढे घराच्या पडवीत चाललेले चार माग म्हणजे खेळणेच. त्याला कोण विचारतो!

स्वातंत्र्यानंतर सरकारपुढे प्रश्न होता तो हातमागाच्या रक्षणाचा. कानुनगो समितीने १९५४ साली अहवाल दिला; हातमागाचे हळूहळू यंत्रमागात रूपांतर करावे, असा तिचा विचार होता. १९५६ साली सरकारने गिरण्यांतील मागांची वाढ गोठवली. गिरणीने नवे माग वाढवू नयेत, आणि वाढीव कापड विकेंद्रित क्षेत्रातून यावे. हेतू चांगला होता. पण व्यवहारात हातमागाच्या नावाने सोडलेली जागा यंत्रमागाने व्यापली. थोडे माग असलेल्यांना अबकारी करात सवलत होती. म्हणून एकाच मालकाचे माग बायकोच्या, भावाच्या, मेहुण्याच्या नावावर विभागले गेले. १९४८ चा कारखाने कायदा विजेवर चालणाऱ्या दहा माणसांच्या कारखान्यापासून लागू होत असे. म्हणून एका छपराखाली भिंती घालून दहाच्या आतले कारखाने तयार झाले. गिरणीतल्या विणकराला महागाईभत्ता होता, प्रॉव्हिडंट फंड होता, सुटी होती. पडवीतल्या विणकराला मीटरवर मजुरी होती आणि बारा तासांची पाळी होती. कापड मात्र दोघांचे एकाच बाजारात जात होते.

१९५०-५१ साली देशातल्या कापडापैकी सुमारे चार पंचमांश गिरण्यांत विणले जात होते. २००० सालानंतर तो वाटा पाच टक्क्यांच्या आत आला, आणि निम्म्याहून अधिक कापड यंत्रमागावर विणले जाऊ लागले. हा उतार एका रात्रीत झालेला नाही. तो तीस वर्षे सरकारी अहवालांत, वर्षावर्षाच्या आकड्यांनी छापला जात होता. ते अहवाल वाचनालयांतून पडून होते. कोणी लपवलेले नव्हते.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, लालबागेच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. एका रात्री पाळीहून आल्यावर ते आईला म्हणाले, "आज आमच्या खात्यातले बारा साचे लॉरीत चढले. भंगारात काढले. भिवंडीला गेले म्हणतात."

आई म्हणाली, "मग नवे येणार असतील."

"येतील की," आबा म्हणाले आणि जेवायला बसले.

नवे आले नाहीत. त्या रिकाम्या जागेत कापडाचे तागे रचू लागले, एवढेच आबांनी पुढे कधीतरी सांगितले.

पुढे १९८१ च्या दिवाळीत बोनसचा वाद झाला, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. नेता हट्टी होता की सरकार निर्दय होते, १९४६ च्या कायद्याने मान्यता मिळालेल्या संघटनेचा दोष किती, ह्या वादात मी आज पडत नाही. मी एवढेच सांगतो की, संप चालू असता भिवंडीचे माग रात्रंदिवस चालत होते, आणि तेथे विणलेल्या कापडावर मुंबईच्या गिरण्यांचे शिक्के बसत होते. गिरणी बंद करून मालकाची कोंडी होईल, हा संपाचा मूळ हिशेब. पण मालकाचे कापड गिरणीबाहेर विणले जात असेल तर कोंडी कोणाची होणार? आणि सर्वांत कडू घास असा की, घरात चूल पेटेना तेव्हा संपातले कित्येक कामगार भिवंडीला जाऊन मागावर उभे राहिले. आमचे आबाही गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "साचे आपल्याकडचेच जुने. हाताला ओळखीचे लागले." त्यांच्या खात्यातलेच ते बारा होते की दुसऱ्या कोणत्या गिरणीतले, देव जाणे. पण त्यांच्याविरुद्ध ज्या यंत्राने काम केले, ते त्यांच्या डोळ्यांदेखत गेटातून बाहेर पडले होते.

तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला. हजारो माणसे पुन्हा कामावर घेतली गेली नाहीत. आबा त्यांपैकी एक. १९८४ साली आम्ही बिऱ्हाड उचलून इचलकरंजीला मावशीकडे आलो. १९९१ साली मुंबईच्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींची तरतूद झाली : एक हिस्सा मोकळ्या जागेस, एक हिस्सा घरबांधणीस, एक हिस्सा मालकास. २००१ साली तिच्यात बदल होऊन वाटणी केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ज्या जागेत आबांच्या साच्यांच्या जागी तागे रचले होते, ती जागा साच्यांपेक्षा कितीतरी पट मोलाची होती, हे आम्हांला तेव्हा समजले.

श्रोतेहो, येथवर मी इतरांच्या चुका सांगितल्या. आता स्वतःची सांगतो, नाहीतर हे व्याख्यान म्हणजे मागाहून आलेले शहाणपण ठरेल.

२००७ साल होते. मी संघटनेचा पदाधिकारी होतो. आबांची गोष्ट मला पाठ होती, पुस्तके वाचली होती, सभांतून मी ती सांगतही असे. गावातल्या एका कारखान्यात, त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, मजुरीवाढीची बोलणी चालू होती. आमच्याकडे मजुरी बावन्न पिकाच्या कापडावर मीटरला इतके पैसे अशी ठरते. मी पैशापैशासाठी भांडत होतो. मालक नेहमीपेक्षा नरम वाटला. फारशी घासाघीस न करता त्याने वाढ मान्य केली. गेटावर गुलाल उधळला गेला. मला हारही घातला.

त्या रात्री एक म्हातारे जॉबर माझ्याकडे आले. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. ते म्हणाले, "पोरा, वाढ मिळाली ते झ्याक झालं. पर गेल्या सा महिन्यांत तिथं एक बी कांडीवाला भरला न्हाई. जे सोडून गेलं त्यांच्या जागी कोन न्हाई. ध्यानात आलं का?"

माझ्या ध्यानात आले नाही. मी म्हणालो, "मामा, माणसे मिळत नसतील."

आता ह्या सभेतील सर्वांना मागाची माहिती असेलच असे नाही, म्हणून सांगतो. साध्या मागावर धोटा इकडून तिकडे धावतो; धोट्यात सुताची कांडी असते; ती कांडी भरण्याचे काम कांडीवाल्याचे. मी स्वतः त्याच कामावर लागलो होतो. रेपियर, एअरजेट हे जे नवे माग आहेत त्यांत धोटाच नसतो. मग कांडी नाही, आणि कांडीवालाही नाही. १९९९ पासून केंद्र सरकारची यंत्रसुधारणेची योजना चालू झाली होती, स्वस्त कर्ज मिळत होते. २००५ च्या जानेवारीत कापडाच्या जागतिक व्यापारावरची जुनी कोटापद्धती संपली होती. हे सारे मी वर्तमानपत्रांत वाचले होते. कारखान्यामागे नवे शेड उठत होते, त्याची फरशी जाड काँक्रीटची होती, विजेचा भार वाढवून घेतला होता; हे मी येताजाता पाहिले होते. ज्याने वयाच्या चौदाव्या वर्षी कांड्या भरल्या, त्याला कांडीवाल्याची भरती थांबल्याचा अर्थ लागू नये, ह्याची मला आजही लाज वाटते.

आठ महिन्यांनी चाळीस साधे माग वजनावर विकले गेले. मालक वाढीला का कबूल झाला ते तेव्हा कळले. ज्या मागांवर ती वाढ द्यावयाची होती, ते मागच राहणार नव्हते. आमच्या माणसांपैकी नव्या शेडमध्ये मोजके घेतले गेले. उरलेल्यांना देण्याघेण्याचा हिशेब मागण्यासाठी आमच्या हाती काही कागद नव्हते, कारण आम्ही ते वेळेवर मागितलेच नव्हते. हार घातलेला माझा फोटो त्या माणसांच्या घरांत असेल तर त्यांनी तो काढून टाकला असेल.

त्यानंतर मी विचार करू लागलो की, चाहूल ओळखण्याची काही रीत असू शकते काय? मोठे सिद्धांत मला जमत नाहीत. परंतु वर सांगितलेल्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तर त्यांतून चार प्रश्न निघतात, ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न : आपण जे विकत घेतो ते आता आणखी कोण विकत घेऊ लागले आहे? कोबेला जाणाऱ्या कापसाच्या गाठी हे त्याचे उदाहरण.

दुसरा : काय विकून टाकले जात आहे, आणि कोणाला? भंगार म्हणून गेलेला साचा दुसरीकडे साचा म्हणूनच उभा राहत असेल, तर ते भंगार नव्हे, स्थलांतर आहे.

तिसरा : काय थांबले आहे? नवी गोष्ट सुरू होते तेव्हा नारळ फुटतो, फोटो येतो. थांबलेल्या गोष्टीचा नारळ फुटत नाही. भरती थांबते, सुटे भाग घेणे थांबते, शिकाऊ पोरे घेणे थांबते. हे ओळखण्यास रोज तेथे असणारा मनुष्यच लागतो.

चौथा : कायद्याची रेघ कोठे ओढली आहे, आणि रेघेच्या अलीकडे कोण गर्दी करीत आहे? दहा माणसांची रेघ होती म्हणून नऊ माणसांचे कारखाने वाढले. बदल नेहमी त्या बाजूने वाहतो जिकडे उतार असतो. आणि उतार पुष्कळदा आपणच, चांगल्या हेतूने, करून ठेवलेला असतो.

ह्या चारांना १८६५ चा प्रश्न जोडावयाचा : ह्या चिन्हामागचे कारण टिकाऊ आहे की तात्पुरते? नाकेबंदी उठते, स्वस्त मजुरी आणि नवे यंत्र सहसा उठत नाही.

कोणी म्हणेल, चाहूल लागली तरी गरीब माणूस करणार काय? हा आक्षेप खरा आहे. माझे आबा बारा साच्यांचा अर्थ समजले असते, तरी त्यांना ते थांबवता आले नसते. परंतु संघटनेला काही करता आले असते. लालबाग-परळच्या विणकराची मजुरी भिवंडीच्या विणकराच्या मजुरीला बांधलेली आहे, हे १९५६ नंतर ओळखून दोघांची मागणी एका कागदावर आणता आली असती. यंत्रमागाच्या गावांत लाल बावटा होता, मुंबईत तर होताच. पण मुंबईच्या मोठ्या लढ्यांच्या मागण्यांत भिवंडीच्या मजुरीला मुख्य स्थान मिळाले नाही. पडवीतला विणकर हा आम्हांला लहान वाटला. जो आपल्याला लहान वाटतो त्याच्याकडे आपण पाहत नाही, हे त्यातले वर्म आहे. आणि ह्या बाबतीत मालक आणि कामगार सारखेच चुकले.

आज ही रीत कोठे लावावी? पुष्कळ कारखान्यांत मी एक क्रम पाहिला आहे. प्रथम झाडूवाला हजेरीपटावरून जाऊन ठेकेदाराकडे जातो. कोणी बोलत नाही. मग उपाहारगृहातली माणसे जातात, मग पहारेकरी, मग माल चढवणारे, आणि शेवटी मुख्य यंत्रावरचा मनुष्य. शेवटच्याचा संप होतो, आणि तो हरतो. कारण लढाई झाडूवाल्यापाशी व्हावयास हवी होती. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता, पण कायदा झाडूवाल्याच्या वतीने स्वतः उठून उभा राहत नाही.

तसेच आपल्या गावातील खाणावळींबाहेर पाठीवर पेटी घेऊन उभी असणारी पोरे पाहा. नीती आयोगाने २०२२ साली आपल्या अहवालात अशा कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये सत्त्याहत्तर लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत ती दोन कोटी पस्तीस लाख होईल असा अंदाज केला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांची व्याख्या प्रथमच कायद्यात आली. ही पोरे दिसतात, त्यामुळे ती चाहूल राहिलेली नाही. माझा प्रश्न असा की, मोबाईलवर काम वाटण्याची ही पद्धत उद्या आणखी कोणत्या कामाला लागेल? शिकवणीला, शुश्रूषेला, हिशेबनिसाच्या कामाला? आपल्या कचेरीत ह्या वर्षी कोणत्या जागेवर नवा मनुष्य घेतला नाही, हे आपण आठवून पाहावे. मी भविष्य सांगत नाही. मी फक्त प्रश्न तिसरा विचारतो आहे.

२००८ पासून आमच्या संघटनेत एक साधी वही आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक कारखान्यातल्या एका माणसाने यावे आणि आपल्या गेटावर काय बदलले ते सांगावे : कोण सोडून गेले, कोणाच्या जागी कोणी आले नाही, कोणती लॉरी काय घेऊन गेली. भाषण नाही, टाळ्या नाहीत. बहुतेक नोंदी निरुपयोगी निघतात. पुष्कळदा आम्ही उगाच घाबरलो. पण एकदा एका सायझिंगमधल्या बाईंनी सांगितले की, बॉयलरची वार्षिक दुरुस्ती ह्या खेपेस केली नाही. आम्ही जाऊन विचारपूस केली, आणि कारखाना बंद होण्याच्या चार महिने आधी बत्तीस माणसांचे नोकरीचे कागद पुरे करून घेतले. बंद होणे टळले नाही. बत्तीसांना ग्रॅच्युइटी मिळाली. माझ्या साऱ्या आयुष्यात मी कोणती लढाई जिंकली असे कोणी विचारले, तर मी गुलालाच्या सभा सांगत नाही, ही सांगतो.

जॉबरमामा आता नाहीत. त्या वहीचे पहिले पान मी त्यांच्या त्या एका वाक्याने सुरू केले आहे. आपणही आपापल्या धंद्यात, पेठेत, कचेरीत अशी एक वही घालावी, आणि तिच्यात लिहिण्यासाठी सर्वांत खालच्या कामावरच्या मनुष्याला आधी विचारावे, एवढी विनंती आहे.